मातीच्या भिंतीवरचे दोन हात

मीरा, रोहन — तुमची आजी तीस वर्षं शाळेत सायन्स शिकवत होती, हे आधी लक्षात ठेवा. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला वाट देते आणि पुढे जाते. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणवत नाही. पण हे तुमच्या आईला मी कधी सांगू शकले नाही, म्हणून तुम्हाला लिहून ठेवते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बंगळुरात, मल्लेश्वरमच्या आपल्या घरासमोरच्या पार्कमध्ये विमला नावाच्या शिल्पकार मुलीनं एक भिंत उभारली. कच्च्या मातीची, पुरुषभर उंच. गल्लीतल्या प्रत्येकानं ओल्या मातीत उजवा पंजा उमटवायचा, मग ऊनपावसात भिंत झिजू द्यायची. डागडुजी करायची नाही. "काळ जाताना दिसायला हवा," ती म्हणाली.

तुमच्या आजोबांनी पंजा दाबला. करंगळी वाकडी, कॉलेजात क्रिकेट खेळताना मोडलेली. मी म्हटलं, "अहो, हात जरा वर!"

"लग्न झाल्यापासून वरच आहेत," ते म्हणाले. सगळी गल्ली हसली. त्यांच्या शेजारी मी माझा पंजा उमटवला, अंगठीसकट.

दोन महिन्यांनी त्यांना स्ट्रोक आला. तोच उजवा हात गेला. तुमची आई अमेरिकेहून धावत आली. परत निघाली तेव्हा मी ती अंगठी काढून तिच्या बोटात घातली.

पावसाळ्यात भिंतीवरचे हात पुसट होऊ लागले, आणि माझ्या डोक्यात एक खूळ बसलं — तो हात राहिला, तर हे राहतील. रोज सकाळी शेणमाती कालवून मी त्यांच्या पंजाभोवती सारवू लागले. वर प्लास्टिक बांधलं. एकदा माती कमी पडली, तेव्हा शेजारचा माझाच पंजा खरवडून ती वापरली आणि ती जागा सारवून सपाट करून टाकली. जराही विचार केला नाही.

तेवढा वेळ आजोबांपाशी शेजारच्या शारदम्मा बसायच्या. "घरची फरशी पुसायला बाई," त्या चिडवायच्या, "आणि पार्क सारवायला अक्का स्वतः!"

विमलानं एकदा मला पकडलंच. "अक्का, झिजू द्या ना. तेच तर माझं काम आहे."

"तुझं काम असेल," मी म्हटलं. "माझा नवरा आहे."

त्यानंतर तिनं मला कधी अडवलं नाही.

दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात एका सकाळी मी भिंतीपाशी गेले. प्लास्टिक जागच्या जागी, गाठी माझ्याच. सोडून पाहिलं... त्यांचा पंजा नव्हता. झिजलेला नव्हे — नव्हताच. जागा सपाट, नुकती सारवल्यासारखी. आणि शेजारी, मी खरवडून टाकलेल्या ठिकाणी, एक पंजा. खोल, ओला. माझा. बोटावर अंगठीचा ठसा.

ती अंगठी तेव्हा न्यू जर्सीत होती.

"अक्का, बेग बन्नी! लवकर या!" आपल्या गेटमधून शारदम्मा ओरडत होत्या. मी शेणाच्या हातांनीच धावले. त्या आजोबांना चहा पाजत असताना दुसरा घोट आत गेलाच नव्हता. मी पोचले तेव्हा त्यांचा हात अजून गरम होता.

कोणी थट्टा केली असेल? हाताची रेघ न् रेघ कोण कशी उतरवेल? मला भास झाला म्हणावं, तर विमलानं नंतर काढलेला त्या पंजाचा फोटो माझ्या कपाटात आहे. भिंत पुढच्या पावसात बसली. शेवटपर्यंत टिकला तो एकच हात, माझा, असं तिनं मला सांगितलं. मी पुन्हा त्या पार्कमध्ये पाऊल टाकलं नाही.

शारदम्मा गेल्या. माझ्या वयाचं गल्लीत कोणी उरलं नाही. फोनवर तुम्ही म्हणता, "आजी, तू सेंच्युरी मारणार!" डॉक्टरही रिपोर्ट बघून खूश होतात. मी हसते आणि घरी येऊन तो फोटो काढून बसते. मी सारवलं होतं त्यांच्यासाठी. ही इतकी वर्षं माझ्या वाट्याला कशी आली, मला आजही कळलेलं नाही... आणि ती परत कुणाला द्यायची, तेही.