कारण : राहतो

गेटवरच्या वहीला दोरीने बांधलेलं पेन गुरुजींनी कधी वापरलं नाही. खिशातलं शाईचं पेन काढायचं, टोपण मागे लावायचं, चष्मा सारखा करायचा आणि वार्षिक निकाल भरावा तसे रकाने भरायचे. कोणाकडे जायचे : घरी. भेटीचे कारण : राहतो. 'जाण्याची वेळ' या शेवटच्या रकान्यात ते लिहीत, 'येतो'.

"गुरुजी, तिथं टायम टाकतात," वॉचमन कळवळायचा.

"घरातून निघताना काय म्हणतोस? जातो की येतो?"

"येतो."

"मग?"

आमची कॉलनी तुम्ही पाहिली नसेल, पण तिच्यासारखी पाहिली असेलच. रत्नागिरीबाहेरच्या सड्यावर, नुसत्या कातळावर, मुंबईतल्या लोकांचे चाळीसेक बंगले. ट्रकने माती आणून केलेली लॉन. प्रत्येक बंगल्याच्या नावात समुद्र, दिसतो दोघांना. मालक मे महिन्यात आंब्याबरोबर येतात आणि आंब्याबरोबरच संपतात. बारमाही राहणारे आम्ही चार निवृत्त, त्यामुळे सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात. गेटवर कमान, कमानीखाली पाटी : 'अभ्यांगतांनी नोंद करावी.' त्यातला जास्तीचा अनुस्वार गुरुजींनी पहिल्याच दिवशी खडूने खोडला.

अडचण एवढीच, की खालच्या बौद्धवाडीची पायवाट कॉलनीच्या मधून जात होती. खरं तर कॉलनीच वाटेवर येऊन बसली होती. गुरुजी त्या वाडीतले, निवृत्त शिक्षक. वाडीतले तरुण चिडायचे.

"आपल्याच वाटेवर सही कसली हो, गुरुजी?"

"करा रे. लिहिलेलं राहतं."

पुढे आमच्या अध्यक्षांना सुरक्षिततेचा साक्षात्कार झाला. वाट बंद करून तिथे चिऱ्याची भिंत घालायचं ठरलं. म्हणजे वाडीतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांनी एसटी गाठायला सगळ्या सड्याला वळसा घालायचा. गुरुजींनी तहसीलदारांकडे अर्ज केला. सुनावणीत आमचे वकील म्हणाले, ही वाट कधी वापरातच नव्हती.

गुरुजी उठले. "साहेब, यांची गेटवरची वही मागवा."

वह्या माझ्या कपाटात होत्या. "वाळवीने खाल्ल्या म्हणून सांगा," अध्यक्षांनी मुंबईहून फोनवर सुचवलं. कोकणात हे कुणालाही पटलं असतं. मी अकराच्या अकरा वह्या रिक्षात घालून नेल्या. पानापानावर, आमच्याच शिक्क्याखाली, तेच ठसठशीत अक्षर : घरी. राहतो. येतो. खाली वाडीतल्या बाकीच्यांच्या वाकड्यातिकड्या सह्या. आम्ही पहारा म्हणून ठेवलेली वही गुरुजींनी इतकी वर्षं दप्तर म्हणून भरली होती.

भिंत झाली नाही. अध्यक्षांनी मला पदावरून काढलं. त्यांनी माझ्यावर केलेला हा एकमेव उपकार. दुसऱ्या दिवशी गुरुजी गेटवर थांबले आणि पेन काढलं.

"आता कशाला, गुरुजी?" मी विचारलं.

"आता तर अक्षर जास्त नीट काढायला हवं. वाचणारे आहेत हे कळलं ना!"

गेल्या थंडीत गुरुजी गेले. हा शब्द त्यांना चालला नसता. त्यांना त्याच वाटेने वर आणलं. गेटशी आल्यावर वाडीतली माणसं आपोआप थांबली, कुणी न सांगता. अध्यक्षांच्या बंगल्याला कुलूप होतं. वॉचमनने वही पुढे ओढली, दोरीचं पेन घेतलं आणि गुरुजींचं नाव स्वतःच लिहिलं.

शेवटच्या रकान्यात त्याने वेळ टाकली नाही.