मिस कॉलचं पेटंट

आमच्या पोर्टलवर रोज वीसेक बातम्या लागतात. त्यातल्या निम्म्या दुसऱ्यांच्या, उरलेल्यांतल्या निम्म्या अंदाजपंचे. ज्या गोष्टी शंभर टक्के खऱ्या असतात त्या कधीच लागत नाहीत, कारण त्या आमच्या ऑफिसातच घडतात! आता इतकी वर्षं मी तिथं उपसंपादक आहे म्हटल्यावर न लागलेल्या बातम्या किती साठल्या असतील, बघा. मैत्रिणी जमल्या की म्हणतात, "मृणाल, ते उद्घाटनाचं सांग ना." तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून लिहून काढतेय. पोर्टलचं नाव मात्र सांगणार नाही. अजून तिथंच नोकरी करते!

ऑफिस लोणावळ्याच्या बाजारात, एका हार्डवेअरच्या दुकानावर. माणसं चार. शाळिग्राम सर मालक आणि संपादक. पूर्वी साप्ताहिक काढायचे. नेहा हेडिंगं आणि ट्रॅफिक बघते. ट्रॅफिक म्हणजे वाचक, घाटातलं नव्हे. किसन औंढ्याचा, घरची भातशेती सांभाळून आमचा कॅमेरा सांभाळतो. आणि चौथी मी.

*

सरांचा दर रविवारी टेक्नॉलॉजीवर कॉलम असतो. जगात कुठं काही लाँच होणार म्हटलं की सरांचं मत तयार. वस्तू नंतर येते, निष्कर्ष आधी! लिहितात मात्र फुलस्केपवर, शाईच्या पेनानं. टाइप मी करते. 'कीबोर्डचे दिवस भरले' हा त्यांचा लेख टाइप करताना माझी बोटं दुखून आली होती.

एकदा त्यांनी 'डिजिटल साक्षरता: आता तरी जागे व्हा' असा सणसणीत लेख लिहिला. खाली एका वाचकानं विचारलं, "सर, तुम्ही स्वतः कुठला फोन वापरता?"

सर भडकले. मला मेसेज करायला गेले आणि तो मेसेज पडला थेट त्याच लेखाखाली, सरांच्या नावानं, फोटोसकट: "मृणाल, ही कॉमेंट कशी उडवायची? माणूस मूर्ख दिसतो."

लेखाला अकरा लाइक होते. सरांच्या कॉमेंटला संध्याकाळपर्यंत चारशे झाले.

मी उडवायला गेले, तर नेहानं माझा हात धरला. "ताई, राहू दे. आपलं आजवरचं सगळ्यात चांगलं कंटेंट आहे!"

*

नेहाचा एकच नियम. हेडिंगमध्ये बातमी सांगायची नाही. सांगितली तर आत कोण येईल?

कामशेतचे एक जुने गुरुजी वारले. नेहानं हेडिंग दिलं: 'लाडक्या गुरुजींसोबत पहाटे घडलं असं काही... वाचून थक्क व्हाल!'

दुपारी त्यांच्या मुलाचा फोन आला. मीच उचलला. माणूस चिडला असता तर बरं झालं असतं. तो अगदी शांतपणे बोलला. "मॅडम, सकाळपासून नातेवाईक विचारतायत, नेमकं घडलं काय. कुणी म्हणतं अपघात, कुणी म्हणतं घर सोडून गेले. माझे वडील एक्याण्णव वर्षांचे होते. झोपेत गेले. यात थक्क कुणी व्हायचं?"

 कशीबशी माफी मागितली. नेहा रडली, तिनं स्वतःहून हेडिंग बदललं.

सर आले, त्यांना सगळं सांगितलं. "छे छे, फार वाईट झालं," म्हणत ते खुर्चीत बसले. चष्मा चढवून त्यांनी दिवसाचे आकडे बघितले. सगळ्यात जास्त वाचली गेलेली बातमी तीच होती. सरांनी चष्मा उतरवून टेबलावर ठेवला. आम्हाला वाटलं, लागलं मनाला.

मग म्हणाले, "दहाव्याला काही कार्यक्रम आहे का, विचारून घ्या."

*

मध्यंतरी सरांनी आपोआप बातम्या लिहिणारं सॉफ्टवेअर घेतलं. आपण चार शब्द द्यायचे, ते चारशे देतं. शुद्धलेखन तर माझ्यापेक्षा चांगलं! त्यामुळे वाचून बघायची गरज कुणालाच वाटेना.

पहिल्याच दिवशी नेहानं त्याला शब्द दिले: बेडसे, लेणी, पायऱ्या, दुरुस्ती. बातमी लागली: 'बेडसे येथील लेण्यांचे बांधकाम अंतिम टप्प्यात असून ती लवकरच पर्यटकांसाठी खुली होणार आहेत.'

किसन वाचून म्हणाला, "बगा! दोन हजार वर्सं काम रखडलं व्हतं. आपल्या पोर्टलनं मार्गी लावलं!"

पहिला फोन आला तो पायथ्याशी चहाची टपरी चालवणाऱ्या मावशींचा. "अवो, अजून उघडली न्हाईत म्हनून मान्सं गाडी वळवून चाल्ली! माझं दूध नासलं. तुमी कुनाला इचारून छापलं?" मावशींचा राग अगदी खरा होता. मी बातमी काढायला लागले, तेवढ्यात दुसरा फोन. भागातले एक पुढारी. "उद्घाटनाच्या पत्रिकेत आपलं नाव आहे ना?"

त्यांना समजावून फोन ठेवला, तोवर तिसरा. हा कंत्राटदार निघाला.

"मॅडम, रंगकाम कुणाला दिलंय का अजून?"

*

आता पेटंटचं.

तुंगार्लीत बंगला घेतलेले एक तरुण उद्योजक आमच्याकडे मुलाखतीला आले. शहर सोडून मातीकडे वळलेले वगैरे. त्यांचं ॲप होतं. शेतकऱ्यानं घरबसल्या फोनवरून विहिरीवरची मोटर सुरू करायची. "जगात पहिल्यांदाच!" ते म्हणाले. "सिस्टिमच्या पेटंटसाठी अर्जही केलाय."

कॅमेऱ्यामागून किसनचा आवाज आला. "आमच्या मामानं केलंय हे. लय दिस झालं."

मुलाखत थांबली. किसनचे धोंडूमामा आंदर मावळात राहतात. घर वर, विहीर खाली, मधे अर्ध्या तासाची उतरण आणि मामांचा एक गुडघा दुखरा. म्हणून मामांनी जुना बटणांचा फोन मोटरीच्या पेटीत बसवला आणि वायरी जोडल्या. घरून मिस कॉल दिला की खाली मोटर सुरू. बंद करायला मात्र चालतच जायचं. मामांचं म्हणणं, "तेवड्या निमतानं शेत बगनं हुतं." शेजारपाजारच्या दहा-बारा जणांनाही त्यांनी तशा पेट्या करून दिल्या होत्या.

उद्योजकांनी सगळं ऐकून घेतलं. हसून म्हणाले, "छान! पण त्यांनी पेटंट नाही घेतलं ना?"

"न्हाई," किसन म्हणाला. "त्यानी पानी घेतलं."

सरांनी ते वाक्य कापायला लावलं. पाहुणे जाहिरात देणार होते!

*

जाताना पाहुण्यांनी किसनच्या खांद्यावर हात टाकला होता. "मामांचं पूर्ण नाव, गाव द्या. भेटायला आवडेल." किसननं अभिमानानं दिलं.

महिन्याभरानं भेटायला आली ती वकिलाची नोटीस. इंग्रजीत, चार पानी: ही आमच्या पेटंटची नक्कल आहे, पेट्या ताबडतोब बंद करा.

मामा ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ऑफिसात घेऊन आले. दोन एसट्या बदलून. खुर्चीच्या कडेवर बसले आणि मला म्हणाले, "ताई, पोलीस येत्याल का घरी?" नोटीस आल्या दिवशीच त्यांनी पेटीच्या वायरी उपसून टाकल्या होत्या. आठ दिवस तो गुडघा घेऊन विहिरीवर उतरत होते. किसन मान वर करून बघेना. नाव-गाव त्यानंच दिलं होतं.

मी माझ्या एका वकील मैत्रिणीला फोन लावला. तिनं बघून सांगितलं की उद्योजकांना पेटंट मिळालेलंच नाही. नुसता अर्ज आहे, आणि त्याच्या जोरावर असं घाबरवता येत नाही. शिवाय गोष्ट आधीपासून लोकांसमोर असेल तर अर्जाला कुणीही हरकत घेऊ शकतं. मी मामांना म्हटलं, "आधी घरी जाऊन वायरी जोडा."

मग तो अर्ज शोधून मी मामांना मराठीत वाचून दाखवला. 'दूरस्थ संकेताधारित जलउपसा नियंत्रण प्रणाली' इथपासून पुढं सतरा पानं. मामा एकाग्रतेनं ऐकत होते. संपल्यावर त्यांनी विचारलं,

"समदं झ्याक हाय. पन ह्यात मिस कॉल कुटं हाय?"

*

आता पुरावा हवा. आणि पुरावा आमच्याकडेच होता! काही वर्षांपूर्वी किसननं नोकरीला लागल्यावर केलेला पहिलाच व्हिडिओ मामांच्या पेटीचा होता. आम्ही शोधायला लागलो, तर सापडेना.

सर खाकरले. "तो... मी काढला. व्ह्यूज कमी होते. कमी व्ह्यूजवाले व्हिडिओ ठेवले तर चॅनेलची तब्येत बिघडते, असं मी वाचलं होतं."

"कुठं वाचलंत?" मी विचारलं.

"माझ्याच कॉलममध्ये."

किसन जिन्यात जाऊन बसला. मी आणि नेहा दोन दिवस इंटरनेट उपसत होतो. शेवटी नेहाला सापडला. कुठल्याशा चॅनेलनं आमचा व्हिडिओ केव्हाच चोरला होता! आमचा लोगो पुसून स्वतःचा चिकटवलेला, वर ढणढण संगीत आणि हिंदीत 'देसी जुगाड देख के वैज्ञानिक भी हैरान'. पण मामा तेच, पेटी तीच, आणि तारीख उद्योजकांच्या अर्जाच्या कितीतरी आधीची. मागून किसनचा आवाजसुद्धा ऐकू येत होता, "मामा, हिकडं बगा!"

नेमका त्याच आठवड्यात सरांनी कॉलम लिहून दिला होता, 'डिजिटल चोरांना चौकात उभे करा'. टाइप करायला मी समोर घेतलाच होता. सरांनी हळूच तो माझ्या टेबलावरून उचलला.

"हा नको या रविवारी," म्हणाले. "चोरांचीही एक बाजू असते."

*

हरकतीच्या कागदावर पोर्टलचं नाव घालायला सर तयार नव्हते. जाहिरातदार पडला ना! "तुम्ही वैयक्तिक पातळीवर करा," म्हणाले, "इंटरनेट ऑफिसचं वापरा." सरांच्या मानानं हे फारच धाडसाचं.

मग मी माझ्या नावानं मामांवर लेख लिहिला. एका कष्टाळू माणसाची गोष्ट पैसेवाले कशी आपल्या नावावर करून घेऊ बघतात, असा. मनापासून लिहिला होता. सरांनी डोळे मिटून लावू दिला. किसननं मोबाइलवर उघडला आणि मला दाखवायला आणला. जाहिराती आपोआप लागतात, त्यामुळे माझ्या लेखाच्या मधोमध उद्योजकांचा हात जोडलेला हसरा फोटो होता.

'शेतकऱ्याचा सच्चा मित्र. आजच डाउनलोड करा!'

वाचकांनी केलं म्हणतात.

*

निकाल आधीच सांगून टाकते, म्हणजे जिवाला घोर नको. उद्योजकांचा अर्ज नामंजूर झाला. पण सांगण्यासारखी आहे ती सुनावणी.

हरकतीचा अर्ज मीच भरला होता. "मामा, मोबाइल नंबर?" म्हटल्यावर मामांनी दहा आकडे एका दमात सांगितले. मला कौतुक वाटलं. माझा नवरा स्वतःचा नंबर फोनमध्ये बघून सांगतो!

सुनावणी व्हिडिओवर होती, आमच्या ऑफिसातून. ऐन थंडीचे दिवस. मामा धुतलेली टोपी घालून आले, पण चेहरा पार उतरलेला. किसननं विचारलं तर म्हणाले, "पेटी बिगाडली रं. आपुआप चालू हुतीया. कुनी मिस कॉल देत न्हाई आन मोटर चालूच! हरभऱ्यात पानी तुंबलंय." मग मला हळूच म्हणाले, "ताई, चालत न्हाई म्हनून त्यांनी दाखवून दिलं तर? मी खोटं कसं बोलू?"

मी काही सांगणार, तेवढ्यात स्क्रीनवर पेटंट कार्यालयाचे अधिकारी दिसायला लागले. मराठीच निघाले. दुसऱ्या चौकटीत उद्योजक, तिसऱ्या चौकटीत त्यांच्या वकीलबाई.

आम्ही व्हिडिओ दाखवला. वकीलबाई म्हणाल्या, "व्हिडिओ कसाही बनवता येतो. पेटी खरोखर चालते याला पुरावा काय? आणि हे गृहस्थ मुळात गंभीर नाहीत. यांनीच अर्जात दिलेल्या नंबरवर तडजोडीसाठी आमच्या ऑफिसातून चार वेळा फोन केला. रिंग जाते, उचलत कुणी नाही!"

अधिकाऱ्यांनी चष्म्यावरून बघितलं. "आजोबा, फोन का उचलला नाहीत?"

"मला फोनच आला न्हाई सायेब. कुटल्या नंबराव केला?"

वकीलबाईंनी नंबर वाचायला सुरुवात केली. मामा ओठांतल्या ओठांत त्यांच्याबरोबर म्हणत गेले. शेवटच्या आकड्याला ते थबकले आणि किसननं कपाळाला हात लावला.

"बाई, सोमवारी सकाळच्याला केलतात का?"

"हो."

"बुधवारी दोनदा?"

"हो. आणि आज सकाळी. का?"

मामांचा चेहरा असा काही उजळला! खुर्चीतून उठून त्यांनी स्क्रीनला हात जोडले.

"लय उपकार झालं बाई. म्या म्हनलं, पेटीच बिगाडली. पन आता फोन नका करू. हरभऱ्याला एवडं पानी सोसत न्हाई."