घड्याळ वाजलं तर

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक डोंगर दिसतो. फिनिक्स शहर त्याच्या पायथ्याशी येऊन थांबलंय, पण वर कुणी जात नाही, कारण वर जायला वाटच नाही. मुलगा मला अधूनमधून पलीकडच्या गाजलेल्या डोंगरावर नेतो. तिथे कठडे आहेत, पार्किंगला रांग आहे आणि दर वळणावर ‘एन्जॉय!’ म्हणणारी माणसं आहेत. त्याला डोंगर चढणं म्हणायचं, तर मॉलचा जिना चढणाऱ्यांनाही गिर्यारोहक म्हणा.

मला खिडकीतला हवा होता, आणि एकटीला हवा होता. कॉलेजात असल्यापासून सह्याद्रीत भटकलेली बाई मी. स्टेंट हृदयात बसवलाय, पायात नाही, हे मुलाला सांगून पाहिलं. नवरा गेल्यावर मी इथे राहायला आले, तेव्हापासून माझ्या प्रत्येक इच्छेवर घरात चर्चा होते, आणि त्या चर्चेला मला बोलावत नाहीत.

बरीच वादावादी झाली, तेव्हा त्याने एक घड्याळ आणून माझ्या मनगटावर बांधलं. माणूस पडलं की त्याला कळतं, आणि आपण उत्तर दिलं नाही तर ते घरी फोन लावतं.

“जा. पण हे एकदा जरी वाजलं ना आई, तर सोलो हाइक बंद. डील?”

“डील,” मी म्हणाले.

जानेवारीतल्या एका सकाळी निघाले. कोरड्या ओढ्याच्या वाळूतून आत शिरले, तशी गाड्यांची घरघर मागे पडली. गुरांची वाट नाही, विचारायला गावातलं कुणी नाही. नजरेनं डोंगराची धार धरायची आणि चालत राहायचं. एका निवडुंगाचा काटेरी गोळा पोटरीला चिकटला. हातानं काढला तर तो हाताला चिकटतो, म्हणून पर्समधल्या फणीनं उपटून फेकला. रक्त आलं. फार बरं वाटलं.

माथ्याच्या अलीकडे एक खिंड होती, आणि तिच्यात उतरायला नुसता सुट्या खडीचा घसारा. अशा जागी आमची जुनी पद्धत म्हणजे फार शहाणपणा न करता बूड टेकायचं आणि बसून उतरायचं. मी टेकलं, जरा जोरातच. सरकन खाली आले आणि मनगटावरचं घड्याळ थरथरायला लागलं. दोन्ही हातांनी दगड धरले होते, सोडले असते तर खरंच पडले असते. घड्याळाने थोडी वाट पाहिली आणि मुलाला फोन लावला.

“आई! डोंट मूव्ह! मी रेस्क्यूला कॉल करतोय, हेलिकॉप्टर येईल!”

उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच.

“हेलिकॉप्टर आलं तर दगड मारीन त्याला. मी पडले नाहीये, बसून उतरतेय.”

“बसून कोण उतरतं यार? घड्याळ वाजलंय. डील इज डील. परत फिर.”

असा संताप आला! वय झालेल्या बाईने बसायचंसुद्धा कुणाला विचारून? “वर पोचले की फोन करते,” म्हणाले आणि फोन बंद केला.

वर काहीच नव्हतं. देऊळ नाही, झेंडा नाही. वारा होता आणि खाली पसरलेलं अवाढव्य शहर. त्यात आमचं घर कुठलं ते ओळखता आलं नाही, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही. दाण्याची चिक्की खाल्ली आणि फोन लावला.

“घड्याळ वाजलं म्हणून मी घरी बसणार नाही. तू ये आणि बघ.”

पुढच्या रविवारी तो माझ्याबरोबर आला. घसाऱ्यावर आधी ऐटीत उभ्यानेच निघाला. पाय सटकले, तसा मुकाट बसला. त्याच्याही मनगटावर तसलंच घड्याळ. ते वाजलं, आणि पाठोपाठ सुनेचा घाबरलेला आवाज आला.

“अगं पडलो नाहीये!” तो वैतागून ओरडला. “बसून उतरतोय!”

मी खाली खिंडीत उभी होते. त्याने माझ्याकडे पाहिलं.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटी गेले. घड्याळ खिडकीत काढून ठेवलं होतं. ते घालून जा, असं कुणी म्हणालं नाही.