ताइतातला केस

खुर्चीत नवं गिऱ्हाईक बसलं की तो आधी स्वतःची टोपी काढायचा. तुम्ही बसला असता तर तुमच्यासमोरही काढली असती. डोक्याच्या उजव्या बाजूला, कपाळापासून कानापर्यंत, केस नव्हते; ओढलेली गुळगुळीत कातडी होती. "मोहफुलं वेचाले गेलो होतो. अस्वलानं नेले," तो सांगायचा. मग गळ्यातला ताईत पुढे करायचा. "पण म्याबी त्याचे उपटले. मुठीत होते. हिसाब बराबर." त्यानंतरच कात्री हातात घ्यायचा.

ब्रह्मपुरीकडच्या त्या गावात बातमीसाठी गेलो की मी दाढी त्याच्याकडेच करत असे. झोपेत दचकणाऱ्या पोरांना आया तिथेच आणत. तो ताईत त्यांच्या कपाळाला लावायचा. गावाचा त्यावर विश्वास होता.

नव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या जंगलात अस्वलांची मोजणी निघाली. अस्वल पकडायचं नाही, दिसलं नाही तरी चालेल. झाडांभोवती काटेरी तार बांधायची आणि मधे सडक्या मासळीचं पाणी ओतायचं. वासानं आलेलं अस्वल तारेखालून जातं, काट्याला केस राहतात. केसाच्या मुळावरून प्रयोगशाळा सांगते, हे कालचंच अस्वल की दुसरं. मोजणीच्या मॅडमना स्थिर हाताचा माणूस हवा होता. गावानं न्हावी दिला.

"कापायचा नाही. चिमट्यानं मुळासकट काढायचा," मॅडमनी शिकवलं.

"न्हाव्यानं उपटला तं गिऱ्हाईक परत येईन का जी?"

"भाऊ, हे गिऱ्हाईक आपण असताना परत न आलेलंच बरं."

मासळीवर तो दुकानातली पावडर शिंपडायचा. मॅडम दोनदा रागावल्या, तेव्हा थांबला.

एकदा त्यानं विचारलं, "माह्यावालं अस्वल अजून जित्तं आहे का, समजन का?"

"ताइतातला केस द्या. तारेवरच्या एखाद्याशी जुळला तर आहे."

आठवडाभर त्यानं विषय काढला नाही. मग ताईत फोडून दिला. निकाल येईपर्यंत त्यानं कोणासमोर टोपी काढली नाही.

मॅडम निकाल घेऊन आल्या तेव्हा माझ्या गालांवर फेस होता आणि वस्तरा गळ्याशी.

"भाऊ, तो केस अस्वलाचा नाही. माणसाचा आहे."

वस्तरा थांबला. मीही श्वास थांबवला. त्यानं आरशात स्वतःकडे पाहिलं, टोपी काढली, उजव्या बाजूवरून हात फिरवला.

"मंग माहाच असन," तो म्हणाला.

मॅडमनी निकालाचा कागद मिटला.

"म्हंजे त्यानं नेले, अन् म्या त्याच्या पंज्यातून वापस आणले." वस्तरा पुढे सरकला. "उरले असन तं द्या, म्याडम. पोट्टे भेतेत."

तो जाऊन काही वर्षं झाली. मागे त्या गावावरून जाताना त्याच्या घरी थांबलो. त्याच्या पत्नी मला चहा देत होत्या, तेवढ्यात शेजारीण रडतं पोर घेऊन आली. बाईंनी खुंटीवरचा त्याचा ताईत काढून पोराच्या कपाळाला टेकवला.

"भेऊ नोको," त्या म्हणाल्या. "अस्वलाच्या पंज्यातून आलेला केस आहे."

पोर रडायचं थांबलं.