पाणीवाल्या मोडावरची देकित

देकितच्या नवऱ्याचा, नोरबूचा, ट्रक दर हिवाळ्यात एकदा तरी नालीत जायचा. गाव त्या नालीला नोरबूची सासुरवाडीच म्हणायचं. पाणीवाल्या मोडावर, त्या वळणावर, झरा रस्त्यावर येऊन गोठतो. बाहेर दरी, आत डोंगर, डोंगराच्या पायथ्याशी नाली आणि रस्ता डोंगराकडे कललेला. दरीच्या धाकाने लाहौलचे सगळे ड्रायव्हर तिथे मुंगीच्या पावलांनी जात, आणि गाडी अलगद घसरून नालीत बसे. मग दोरखंड, आरडाओरडा, चहा. जीव वाचला ना, म्हणून त्यातच शहाणपण मानलं जाई.

देकितला हे कधीच पटलं नाही. रस्ता बांधणाऱ्याने वळण उगाच कलतं केलंय होय? स्वतःची जीप आली तशी ती शरदातल्या कोरड्या दिवसांत छांगची, घरच्या जवाच्या दारूची, वाटी डॅशबोर्डवर ठेवून त्या मोडावरून येरझाऱ्या घालू लागली. हळू गेलं की छांग डोंगराकडच्या काठाला चढायची, जोरात गेलं की दरीकडच्या. मधला एक वेग मात्र असा, की छांग वाटीत सपाट. त्या वेगात टायरला रस्ता धरून ठेवायची गरजच उरत नाही, हे तिने ओळखलं. मग बर्फ असला काय नि नसला काय! बायका म्हणाल्या, देकितला चढलीय. तिची जीप मात्र कधी नालीत गेली नाही, आणि हे सांगायला ती कधी लाजलीही नाही.

यंदा तिच्या लेकीला, यांगडोलला, मुलगी झाली. वर्षभरात ज्या घरी मुलगा जन्मला त्या घरी गोचीचा सण व्हायचा, पुजारी बाळाच्या नावाने बाण सोडायचा, ही गावाची रीत. देकितने जाहीर केलं, आमच्याकडे मुलीची गोची. गावचे थोरले छेतन आचो कुरकुरत म्हणाले, "बघू. सूर्य डोंगराआड जायच्या आत पुजाऱ्याने बाण सोडला तर ठीक. नाहीतर देवालाच नको होतं असं समजायचं."

पुजारी मेमे अंगरूप खालच्या गावात राहायचे. देकित स्वतः त्यांना आणायला गेली. परतताना मोड दिसला, तसा म्हाताऱ्याने दरवाजाच धरला.

"थांबव गं. मी उतरून चालत येतो. गाडी हलकी झाली की बरी जाईल."

"मेमे, चालत याल तर चांदण्यात पोचाल. आणि हलकी गाडी कमी घसरते हे कुणी सांगितलं? वजन घटलं की आतली ओढ घटते, तशीच बाहेरचीही. फरक शून्य."

"नोरबूपण असंच बोलायचा का?"

"तो बोलायचा नाही. हळू चालवायचा, आणि नालीत बसायचा. ती देवाला न्यायची छांग वाटीत ओता, वाटी पुढे ठेवा अन् तिच्याकडेच बघा. दरीकडे बघाल तर याद राखा!"

मोडाच्या अलीकडेच तिने वेग साधला, ब्रेकवरचा पाय काढला आणि स्टीअरिंग वळणाच्या बाकाला जुळवून धरलं. बर्फ लागताच टायरचा आवाज गेला. मेमेंचे ओठ मंत्र पुटपुटत होते. मग पुटपुटणं थांबलं. काठोकाठ भरलेली छांग कुठेच झुकत नव्हती, वाटी जागची हलत नव्हती. तेवढ्यात टायर पुन्हा कुरकुरले. मोड मागे पडला होता.

"संपलं?" मेमेंनी विचारलं.

"केव्हाच."

अंगणात सगळं गाव जमलं होतं. ऊन अजून छपरावर होतं. छेतन आचोंनी एकदा त्या उन्हाकडे पाहिलं आणि बाजूला होऊन पुजाऱ्याला वाट दिली. मेमेंनी धनुष्य उचललं, खणखणीत आवाजात बाळाचं नाव घेतलं आणि बाण सोडला. यांगडोलच्या जन्माच्या वेळी, मुलगी झाली म्हणून, देकितच्या दारात कुणी फिरकलंही नव्हतं. तीच यांगडोल आता लेकीला उंच धरून उभी होती. देकित सगळ्यांदेखत ढसाढसा रडली, आणि तिने तोंड लपवलं नाही.