तळघरातलं दार

नळाखाली अंगठा धरायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं, "गच्चीवरची टाकी अर्धी आहे." वर जाऊन पाहिलं की ती अर्धीच असायची. बनशंकरीतल्या आमच्या इमारतीचे ते प्लंबर. घरी मराठी, बाहेर कन्नड अशा जुन्या बेंगळुरूकर कुटुंबातले. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. "पाण्याचा जोर त्याच्या उंचीत असतो अक्का, टाकीच्या रुंदीत नाही," हे त्यांनी मला निदान दहादा सांगितलं असेल. अशी माणसं तुमच्याही ओळखीची असतील. त्यांचं आपण ऐकून घेतो, ऐकत नाही.

एका दुपारी मोठा पाऊस झाला आणि रस्त्यावरचं पाणी उतारावरून आमच्या तळघरात शिरलं. तिथल्या खोलीत वॉचमनची बायको तापाने झोपली होती. पाणी कमरेला लागेपर्यंत कोणाला तिची आठवण झाली नाही. हाका मारल्यावर तिने आतली कडी काढली, पण बाहेर उघडणारं ते लोखंडी दार चौघांनी ओढूनही हललं नाही. मूठच उपटून हातात आली.

अण्णा आले. आधी त्यांनी मेन स्विच बंद करायला लावला. मग पाण्यात उतरून दाराशेजारच्या गजांच्या खिडकीतून पाहिलं. आत पाणी जेमतेम घोट्याला होतं.

"ओढू नका. बाहेरचं पाणी दार दाबून धरतंय. काच फोडून पाणी आत जाऊ द्या."

वॉचमनने त्यांची कॉलर धरली. "माझी बायको आहे आत."

"म्हणूनच सांगतो. आत-बाहेर सारखं झालं की दार सुटेल. स्वल्प थांब."

त्यांनी तिला खाटेवर उभं राहायला सांगितलं आणि पान्याने खालची काच फोडली. पाणी धो धो आत गेलं. ती रडायला लागली. अण्णा गज धरून तिच्याशी कन्नडमध्ये बोलत राहिले: गाव कुठलं, मुलं किती. खाट बुडाली. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं तेव्हा त्यांनी फटीत पाना अडकवला आणि एकट्याने दार ओढलं. ते उघडलं.

नंतर मी विचारलं, "खात्री होती?"

"पाण्याची होती. तिच्या धीराची नव्हती."

पुढच्या आठवड्यात त्यांनी कमिटीला सांगितलं की खाली माणूस राहत असेल तर मी इथल्या पाइपला हात लावणार नाही. तळघरात बुडून बिघडलेला पंप तसाच राहिला आणि चार दिवस वरच्या मजल्यांना पाणी नव्हतं. पाचव्या दिवशी वॉचमनचं बिऱ्हाड तळमजल्यावर आलं.

म्हातारपणी अण्णा मुलीकडे आनेकलला गेले. गेल्या वर्षी ते वारल्याचं कळलं, तेव्हा आम्ही ग्रुपवर हात जोडले. वॉचमन आणि त्याची बायको पहिल्या बसने आनेकलला गेली. त्या दिवशी आमचं गेट दिवसभर उघडंच होतं.