दुसऱ्या सर्व्हरची पिन

“हे गेलं तं?”

कुठलीही वस्तू दाखवा, त्याचा पहिला प्रश्न हाच. मोटारसायकल नवी कोरी असतानाच त्याने तिला जादा क्लच केबल बांधून ठेवली होती. खिशात दोन पेनं, डब्यात दोन चमचे. लग्नात याने अंतरपाटही दोन आणले असतील, असं आम्ही चिडवायचो. तोही हसायचा.

धाड गावचा हा माणूस बुलडाण्यात आमच्या व्हीसी रूममध्ये, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सच्या खोलीत, कंत्राटावर होता. अशी खोली तुम्हीही पाहिली असेल: एसी, जाड पडदे आणि कोपऱ्यात घुमणारा सर्व्हर. तुरुंगातल्या कैद्यांची घरच्यांशी पडद्यावर भेट व्हायची, ती याच सर्व्हरवरून. तुरुंगात मोबाइल चालत नाही. सर्व्हर बसला की भेट बुडाली, पुढची पाळी महिन्याने. एकदा तसा तो बसला, आणि तेव्हापासून याने दुसऱ्या सर्व्हरसाठी अर्जांचा सपाटा लावला. साहेब वैतागायचे, “चालू हाये ना बे? मंग काऊन रडून राह्यला?”

शेवटी दुसरा आला. पहिला पडला तर दुसऱ्याने आपोआप काम उचलायचं, अशी जोडणी त्याने केली. त्या दिवशी त्याने सगळ्यांना पेढे वाटले. दोन-दोन.

खंडेनवमीला आमच्याकडे यंत्रं बंद ठेवून पूजतात. “करा पूजा बिनधास्त, दुसरा सांभाळते,” असं म्हणत त्याने पहिला सर्व्हर बंद केला, पुसला, हळद-कुंकू लावलं.

साडेअकराला बीबी गावच्या एका म्हातारीची पाळी होती. अंथरुणाला खिळलेली. लेकीने तिला जीपमध्ये निजवून तिथल्या व्हीसी केंद्रावर आणलं होतं. पडद्यावर तिचा मुलगा आला. “माय, जेवली काय?” तिचे ओठ हलले, आवाज निघेना.

नेमकी तेव्हाच मला पूजेच्या लाइटिंगला जागा हवी होती. टेबलामागच्या बोर्डातली एक पिन मी उपसली आणि माळ लावली. माळ लखलखली. तुरुंगाचा पडदा काळा झाला.

तो टेबलाखाली घुसला. माळेची वायर माझ्याच हातात होती, ती त्याने पाहिली. पिन परत लावली, पहिलाही सुरू केला. “उठ रे बापा, उठ!” वीस मिनिटांनी पडदे उजळले. मुलाला परत कोठडीत नेलं होतं. म्हातारी मात्र अजून बघत होती. लेक म्हणत होती, “थांब माय, दिसन आता.”

आठव्या दिवशी म्हातारी गेल्याचा निरोप आला.

चौकशीत तो म्हणाला, “चूक माही. पिनेवर चिठ्ठी लावाले पाह्यजे होती.” बाहेर मी म्हटलं, मी खरं सांगतो. त्याने माझा हात धरला. “तुमची फाइल खराब होईन, भाऊ. मले फाइलच नाही. डाग कुठं लागन?”

मी गप्प बसलो. ते मला सोयीचं होतं, हेही सांगून टाकतो.

त्याचं कंत्राट पुढे वाढलं नाही. मी फोन करतो, तो उचलत नाही. जायच्या दिवशी त्याने त्या पिनेवर चिठ्ठी चिकटवली, ‘काढू नये’. ती निघाली तर, म्हणून शेजारी आणखी एक.

पहिली केव्हाच गळून पडली. दुसरी अजून आहे.